शमी म्हणून आणलेले झाड

सोलापुरात दसरा जवळ आला की एकाच झाडाला तीन भाषांतून मागणी येते. शहरातली मराठी घरे त्याला शमी म्हणतात, खेड्यांत तेच सौंदड. अक्कलकोटच्या बाजूची कानडी माणसे बन्नी म्हणतात आणि पूर्व भागातली तेलुगू कुटुंबे जम्मी. महाराष्ट्रात सोने म्हणून आपट्याची पाने वाटतात. कर्नाटकात आणि तेलंगणात तो मान शमीच्या पानांचा. सोलापुरात या दोन्ही रीती एकाच गल्लीत नांदतात. तेलंगणाने तर जम्मी हाच आपला राज्यवृक्ष ठरवला आहे. गणपतीच्या एकवीस पत्रींत शमी आहे. विराटाच्या नगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी शस्त्रे लपवली ती शमीवर. यज्ञाचा अग्नी घुसळून काढण्याची अरणी शमीवर उगवलेल्या पिंपळाची असावी असा जुना संकेत आहे. अलीकडे शनीची पीडा टळावी म्हणून दाराशी शमी लावण्याची टूम निघाली आहे. एवढी मागणी असलेले झाड रोपवाटिकेत मिळणारच.

मिळते ते मात्र पुष्कळदा दुसरेच झाड असते.

काळ्या पिशवीतले दीड-दोन फुटांचे रोप, बारीक पाने, एखाददुसरा काटा आणि 'शमी' अशी पाटी. कुंडीत ठेवले तर काही काळाने त्याला लोंबते, दुरंगी फूल येते, वर गुलाबी आणि खाली पिवळे. घरचे खूश होतात. अंगणात, जमिनीत लावले तर गोष्ट निराळी होते. एकदोन पावसाळ्यांनंतर मूळ बुंध्यापासून हात-दोन हात दूर जमिनीतून नवे कोंब वर येतात. कधी ते फरशीच्या सांध्यातून डोके काढतात, कधी शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे. कापावेत तर एकाच्या जागी तीन-चार उभे राहतात.

हे झाड म्हणजे सिगमकाटी. संस्कृत ग्रंथांत त्याला वीरतरू म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव आहे डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. खरी शमी म्हणजे प्रोसोपिस सिनेरारिया. दोन्ही आपल्याच देशातली, दोन्ही कोरड्या मुलखातली, दोन्ही काटेरी. ही अदलाबदल एखाद्या गावापुरती नाही. देशभरच्या रोपवाटिकांत ती चालत आली आहे आणि विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा तिची कल्पना नसते. त्याने ज्या नावाने रोप घेतले त्याच नावाने तो ते विकतो.

एका पानाच्या जागी दुसरे पान देवाला वाहिले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण झाड जमिनीत लावायचे असेल तर नावाला वेगळेच वजन येते. झाड किती वाढेल, त्याची मुळे कुठे जातील, छाटल्यावर ते काय करील, गुरांनी शेंगा खाल्ल्या तर बी कुठवर पोहोचेल, हे सगळे अंदाज आपण नावावरून बांधतो. नाव चुकले की हे अंदाज एकदमच चुकतात. म्हणून या प्रकरणात पाटी बाजूला ठेवून झाडच वाचायला शिकू.

घोटाळा जुना आहे

या दोन झाडांच्या नावांची गफलत करणारा पहिला नामांकित माणूस रोपवाटिकेतला नव्हता. तो होता स्वीडनचा कार्ल लिनियस, आधुनिक वनस्पतिनामकरणाचा जनक. १७५३ साली त्याचा 'स्पीशीज प्लान्टारम' हा ग्रंथ निघाला. वनस्पतींची दोन शब्दांची शास्त्रीय नावे तिथून सुरू होतात. या ग्रंथाच्या ५१७व्या पानावर, मिमोसा या प्रजातीतल्या दहाव्या क्रमांकाच्या झाडाला त्याने नाव दिले मिमोसा सिनेरिया, म्हणजे राखी रंगाची मिमोसा. तीन पाने उलटली की ५२०व्या पानावर पंचविसाव्या क्रमांकाला दुसरे झाड येते. त्याचेही नाव मिमोसा सिनेरिया. पहिले झाड म्हणजे आपली शमी, दुसरे म्हणजे सिगमकाटी.

एका नावाची दोन झाडे असू नयेत म्हणून ज्याने पद्धत घातली, त्याच्याच ग्रंथात हे घडले. पुढे १७५९ साली त्याने दुरुस्ती केली. शमीचे नाव बदलून मिमोसा सिनेरारिया केले आणि सिनेरिया हे नाव सिगमकाटीकडे राहू दिले. आज या दोन झाडांच्या शास्त्रीय नावांची शेपटे इतकी सारखी का, याचे उत्तर त्या दुरुस्तीत आहे. वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत एकाच ग्रंथातल्या जुळ्या नावांचे काय करावे याचा नियम आहे, आणि तो समजावताना याच जोडीचे उदाहरण दिले जाते.

लिनियसचे तेवढ्यावर भागले नाही. १७६७ साली त्याने शमीलाच आणखी एक नाव दिले, प्रोसोपिस स्पायसिजेरा. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात शमी याच नावाने येते. त्यामुळे जुन्या मराठी वनस्पतिकोशात स्पायसिजेरा आणि नव्या पुस्तकात सिनेरारिया दिसले तर गोंधळू नये, झाड एकच आहे. प्रोसोपिस सिनेरारिया हे आजचे जोडनाव १९१४ साली ड्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने रूढ केले. सिगमकाटीला तिचे आजचे नाव त्याआधीच, १८३४ साली, वाइट आणि आर्नॉट या जोडीने दिले होते.

लिनियसचे डोळे फसले यात नवल नाही, कारण तो दूरदेशच्या चित्रांवरून, वर्णनांवरून आणि वाळलेल्या नमुन्यांवरून काम करत होता. आपल्यापुढे तर जिवंत रोप असते.

सारखी का दिसतात

दोन्ही झाडे शेंगा धरणाऱ्या कुळातली आहेत आणि त्या कुळातल्याही लाजाळू-बाभळीच्या गोतावळ्यातली. या गोतावळ्यात पान दोनदा विभागलेले असते. मधल्या देठाला दोन्ही अंगांनी पिसे फुटतात आणि प्रत्येक पिसावर बारीक पर्णिकांच्या रांगा असतात. आपण ज्याला एक पान म्हणून तोडतो ती बहुधा एक पर्णिका असते. खरे पान त्याहून कितीतरी मोठे.

बारीक पर्णिका हा कोरड्या मुलखाचा रिवाज आहे. सोलापुरासारख्या ठिकाणी वर्षाकाठी पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. रुंद पान उन्हात तापते आणि गार राहण्यासाठी पाणी खर्चते. बारीक पर्णिकांवरून वारा सहज फिरतो, त्या लवकर निवतात. चरणाऱ्या जनावरांपासून वाचायला काटे हवेत. एकाच गोतावळ्यातली झाडे एकाच संकटाला तोंड देत वाढली तर ती दिसायला सारखी होणारच. म्हणून एकूण ठेवण बघून निर्णय घेऊ नये. मोजता येतील अशा खुणा शोधाव्यात.

पहिली खूण: पिसांच्या जोड्या

फांदीच्या मध्यावरचे, पुरते उमललेले एक पूर्ण पान घ्या. अगदी कोवळ्या रोपाची पहिली पाने साधी असतात, ती सोडा. पान कुठे सुरू होते ते नीट पाहा. जिथे देठ फांदीला चिकटतो आणि त्या बगलेत कळीचा डोळा असतो, तिथून पान सुरू होते. आता मधल्या देठावर पिसांच्या किती जोड्या आहेत ते मोजा.

शमीच्या पानाला एक ते तीन जोड्या असतात, बहुतेक वेळा दोनच. सिगमकाटीला त्या पाचापासून पंधरापर्यंत, कधी त्याहूनही जास्त. एवढा फरक असला की भिंग लागत नाही. मोजणी तीनच्या आत थांबली तर शमी असण्याची शक्यता आहे. पाचच्या पुढे गेली तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, ती शमी नव्हे.

पर्णिकाही तपासा. शमीच्या एका पिसावर पर्णिकांच्या साधारण सात ते चौदा जोड्या येतात आणि प्रत्येक पर्णिका अर्धा ते दीड सेंटिमीटर लांब, राखट हिरवी असते. सिगमकाटीच्या पर्णिका जेमतेम एक मिलिमीटर रुंद, पिसावर दाटीने लागलेल्या, एका पिसावर डझनभरापासून चाळीसपर्यंत जोड्या. हातात घेतल्यावर शमीचे पान विरळ आणि थोडे चिवट लागते, तर सिगमकाटीचे पान झालरीसारखे मऊ.

सिगमकाटीची आणखी एक बारीक खूण आहे. मधल्या देठावर, जिथे पिसांची जोडी फुटते तिथे, दांडीवर बसवलेला छोटा ठिपका दिसतो. ती ग्रंथी असते. फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा केला तर ती सहज सापडते.

दुसरी खूण: काटा जन्मला कुठून

दोन्हींना काटे आहेत एवढे पुरत नाही. काटा कशाचा झाला आहे हे पाहावे लागते. वनस्पतींत काटे तीन वेगवेगळ्या वाटांनी तयार होतात आणि तिन्हींची उदाहरणे आपल्या परिसरात आहेत.

पहिली वाट सालीची. खोडाच्या वरच्या थरातून टोकदार उंचवटे येतात. गुलाबाचे काटे असेच असतात, अंगठ्याने बाजूला रेटले तर सालीसकट निघून येतात. शमीचे काटे या जातीचे. तळाशी रुंद, वर निमुळते, काही मिलिमीटर लांब, आणि मुख्य म्हणजे फांदीवर कुठेही विखुरलेले. दोन पेरांच्या मधल्या भागावरही ते असतात. पान जिथून फुटते त्या जागेशी त्यांचे नाते नसते.

दुसरी वाट उपपर्णांची. पानाच्या देठाच्या तळाशी दोन बाजूंना दोन छोटी उपपर्णे असतात, त्यांचेच काटे होतात. गावठी बाभळीचे लांब, पांढरे, जोडीने येणारे काटे असे बनलेले असतात. म्हणून ते नेमके पेरावर आणि दोन-दोन असतात.

तिसरी वाट फांदीची. आखूड बाजूची फांदी वाढायची थांबते, कडक होते आणि तिचे टोक भाल्यासारखे होते. बोगनवेल आणि लिंबाचा काटा याच प्रकारचा. सिगमकाटीचा काटाही असाच. तो काटा म्हणजे फांदी असल्यामुळे त्याच्यावरच पाने फुटलेली दिसतात. काट्याच्या अंगावर पान दिसले की शमीचा प्रश्न मिटला. हा काटा कित्येक सेंटिमीटर लांब होतो. आफ्रिकेत याच झाडाच्या काट्यांनी गाड्यांचे टायर फुटतात.

काटा नसणे हा मात्र पुरावा धरू नये. कोवळ्या रोपावर काटे कमी असतात. शिवाय बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने 'थार शोभा' नावाचे शमीचे बिनकाट्याचे वाण काढले आहे. राजस्थानात शमीच्या कोवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते. शेंगा तोडणाऱ्याच्या हाताला काटे लागू नयेत म्हणून ही सोय.

तिसरी खूण: फूल आणि शेंग

फूल आले की शंका उरत नाही. शमीला बोटभर लांबीचे, सडपातळ तुरे येतात. रंग एकच, मलईसारखा फिका पिवळा. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाखाली उभे राहिलात तर मधमाश्यांचा आवाज आधी येतो, तुरे नंतर दिसतात.

सिगमकाटीचा तुरा खाली लोंबतो आणि दोन रंगांचा असतो. देठाकडचा, म्हणून वर दिसणारा, भाग गुलाबी-जांभळट. तिथली फुले वांझ असतात, त्यांचे लांब तंतू फक्त कीटकांना बोलावतात. खालचा भाग पिवळा, तिथली फुले फळतात. गुलाबी भाग पुढे फिकट होत पांढरा पडतो. इंग्रजीत या झाडाला चिनी कंदिलाचे झाड म्हणतात ते या लोंबत्या दुरंगी तुऱ्यावरूनच. दिसायला ते फूल निश्चितच देखणे आहे, आणि रोपवाटिकेत हेच झाड चालण्याचे तेही एक कारण असावे. दुसरे कारण वेगाचे. शमी पहिली काही वर्षे वर वाढण्यापेक्षा खाली मूळ सोडण्यात घालवते, त्यामुळे पिशवीत ती मरगळलेली दिसते. सिगमकाटी तेवढ्या काळात विकण्याजोगी होते.

'गुलाबी-पिवळ्या फुलांची शमी' अशी जाहिरात कोणी केली तर ती जाहिरातच ओळख सांगून टाकते. असल्या फुलांची शमी नसते.

शेंगांतही असेच अंतर आहे. शमीची शेंग दहा-वीस सेंटिमीटर लांब, बारीक, नळीसारखी आणि सरळ लोंबती. पिकल्यावर आतला गर गोडसर होतो. सिगमकाटीच्या शेंगा चपट्या, पिळलेल्या आणि घोसाने एकमेकींत गुंतलेल्या. वाळल्यावर तो गुंता झाडावर तपकिरी गोळ्यासारखा बराच काळ राहतो.

तिसरा भिडू: वेडी बाभूळ

सोलापूर जिल्ह्यात ओळख पटवताना आणखी एक झाड आडवे येते, वेडी बाभूळ. ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे बी भारतात आणले गेले आणि नंतर ओसाड जमिनी हिरव्या करण्यासाठी, जळणासाठी, कुंपणासाठी ती हौसेने पेरली गेली. आज रेल्वेरुळांच्या कडा, ओढे, पडीक गायराने तिने व्यापली आहेत. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले त्या नान्नजच्या परिसरासारख्या माळरानांना अशी झाडी मारक ठरते, कारण माळढोकाला मोकळे गवत लागते, दाट काटेवन नव्हे.

वेडी बाभूळ ही शमीची जवळची नातलग. अगदी अलीकडेपर्यंत दोघी प्रोसोपिस याच प्रजातीत होत्या. २०२२ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही प्रजाती फोडली. वेड्या बाभळीसह अमेरिकेतली बहुतेक झाडे नेल्टुमा या वेगळ्या प्रजातीत गेली आणि प्रोसोपिस हे नाव शमी आणि तिच्या मोजक्या भावंडांकडे राहिले. पिसांच्या जोड्या वेड्या बाभळीलाही कमीच असतात, त्यामुळे पहिली खूण इथे उपयोगी पडत नाही. काटा कामी येतो. वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बगलेत, पेरावर, एकेकटे किंवा जोडीने येतात आणि फांदी पेरापेरावर नागमोडी वळते. शमीचे काटे विखुरलेले. वेड्या बाभळीच्या पर्णिका शमीपेक्षा अधिक हिरव्या आणि अरुंद असतात, शेंगा पिवळ्या, चपट्या आणि गरदार.

तिघी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर ओळखीचा क्रम आपोआप बसतो. पिसे पुष्कळ असली तर सिगमकाटी. पिसे कमी आणि काटे पेरावर असले तर वेडी बाभूळ. पिसे कमी आणि काटे विखुरलेले असले तर शमी.

जमिनीखालचा फरक

शमीचे सोटमूळ सरळ खाली जाते. ते वीस मीटरांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. पाणी खोलवरून घेत असल्यामुळे आजूबाजूच्या पिकांशी तिची चढाओढ कमी. राजस्थानात शेतकरी बाजरीच्या शेतात शमी, तिकडची खेजडी, मुद्दाम राखतात आणि तिच्या खाली पीक चांगले येते असा त्यांचा पिढ्यांचा अनुभव आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे ही झाडे तोडायला आली तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागे बिश्नोई समाजाची माणसे झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. त्या दिवसांत ३६३ जणांनी प्राण दिल्याचे सांगितले जाते. शमी हे जपण्याचे झाड आहे हे त्या मुलखाने फार आधी ओळखले होते.

सिगमकाटीची तऱ्हा वेगळी. तिची मुळे जमिनीच्या वरच्या थरात आडवी पसरतात आणि त्यांच्यावर जागोजागी डोळे फुटतात. वरचे खोड तोडले, जाळले किंवा मूळ नांगराने दुखावले की हे डोळे जागे होतात. तोडणे ही तिच्यासाठी वाढण्याची सूचना असते. शमीलाही मुळांतून फुटवे येऊ शकतात, म्हणून केवळ फुटव्यांवरून निर्णय करू नये. पण फुटव्यांची दाट जाळी करून जमीन व्यापणे हा सिगमकाटीचा स्वभाव आहे. शिवाय तिच्या शेंगा गुरे-शेळ्या आवडीने खातात, बियांचे कवच कठीण असते आणि लेंड्या-शेणातून बी दूरवर जाते.

आपल्याकडच्या रानात ती फारशी माजत नाही, कारण चराई, लाकूडतोड आणि इतर झाडांची चढाओढ तिला आवरते. बाहेर गेली तिथे तिने काय केले ते क्यूबाने पाहिले आहे. तिथे तिला माराबू म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ती त्या बेटावर पोहोचली. १९९०नंतर सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाचा साखरधंदा खालावला, उसाची शेते आणि कुरणे पडीक पडली, आणि माराबूने लाखो हेक्टर गिळले. २६ जुलै २००७ रोजी कामागुएच्या भाषणात राउल कास्त्रो यांनी वाटेत रस्त्याच्या कडेला सर्वांत हिरवेगार काय दिसले असेल तर माराबू, असा टोमणा मारला होता. पुढे क्यूबाने त्यातूनही वाट काढली. या झाडाचे लाकूड घट्ट, त्याचा कोळसा उत्तम जळतो. जानेवारी २०१७ मध्ये क्यूबातून अमेरिकेला अर्ध्या शतकानंतर पहिला कायदेशीर माल गेला, तो चाळीस टन माराबूचा कोळसा होता.

उसाची शेते पडीक पडल्यावर जे क्यूबात झाले ते सोलापुरात होईल असे म्हणायचे नाही. सिगमकाटी इथली आहे आणि इथल्या माळावर तिला तिची जागा आहे. वीरतरू म्हणून आयुर्वेदात तिचा स्वतंत्र मान आहे. सुश्रुताच्या वीरतर्वादि गणाला तिचेच नाव आहे, आणि तो गण मुतखड्यासारख्या तक्रारींत सांगितला आहे. शमीचे गुण वेगळे सांगितले आहेत. औषधासाठी एकीच्या जागी दुसरी वापरणे म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी बदलणे होय. पंधरा बाय वीस फुटांचे अंगण मात्र सिगमकाटीची जागा नव्हे.

लावून झाले असेल तर

झाड कुंडीत असेल तर फार काळजी नाही. सिगमकाटी कुंडीत छान राहते आणि फुलतेही. कुंडी थेट मातीवर न ठेवता ताटलीत किंवा फरशीवर ठेवावी, नाहीतर तळाच्या भोकातून मुळे जमिनीत उतरतात. शेंगा वाळून गळायच्या आधी काढून टाकाव्यात. पाटीवर खरे नाव लिहावे, म्हणजे उद्या त्याची फांदी कोणी 'शमी' म्हणून नेणार नाही.

जमिनीत लावले असेल आणि रोप कोवळे असेल तर पावसानंतर माती ओली असताना मुळासकट उपटावे. मोठे झाले असेल तर वरून तोडण्याची घाई करू नये, त्याने फुटवेच वाढतील. आधी आडवी मुळे कुठवर गेली आहेत ते बुंध्याभोवती खणून पाहावे, ती ओढून काढावीत आणि मग खोड काढावे. त्यानंतरही वर्ष-दोन वर्षे दर पावसाळ्यात फुटवे दिसतील. प्रत्येक फुटवा हाताएवढा होण्याआधी मुळाच्या तुकड्यासकट काढत राहिले की मुळातला साठा संपतो. अर्धवट सोडले तर आधीपेक्षा दाट झुडूप मिळते. उपटलेल्या मुळ्या आणि शेंगा ओढ्यात किंवा गायरानात टाकू नयेत. वाळवून जाळाव्यात.

खरी शमी लावायची असेल तर ती मोठ्या झाडाची जागा मागते हे ध्यानात घ्यावे. इमारतीच्या पायापासून आणि पाण्याच्या नळांपासून दूर, मोकळ्या उन्हात. तिचे सोटमूळ लवकर खोल जात असल्यामुळे रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे. पिशवीत तळाशी मूळ गोल गुंडाळलेले मोठे रोप पुढे नीट वाढत नाही. दोन-तीन वर्षे ते वर फारसे दिसणार नाही. तेव्हा खत-पाण्याचा मारा करून उपयोग नसतो, काम खाली चालू असते.

पाटीला प्रश्न विचारावे

शमी ही या घोटाळ्यातली एकटी नाही. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्या बाजारात येतात. दोन्हींचे पान जोडपान. आपट्याचे लहान, जाड, खरबरीत आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचे मोठे आणि गुळगुळीत. ब्राह्मी म्हणून कुठे मंडूकपर्णी विकतात, कुठे जलब्राह्मी. गुळवेलीच्या नावाखाली तिची दुसरी जातवाली टिनोस्पोरा क्रिस्पा येते. करोनाच्या काळात गुळवेलीचा वापर वाढला आणि काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची चर्चा झाली, तेव्हा आयुष मंत्रालयाने या दोन वेलींत गल्लत न करण्याची सूचना दिली होती. औषधी रोपाच्या पाटीवरची चूक थेट पोटात जाते.

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९चा कायदा आहे. शोभेच्या, पूजेच्या आणि औषधी रोपांच्या बाबतीत खात्री करून घेण्याचे काम शेवटी घेणाऱ्याकडेच येते. त्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. रोपवाटिकेत शास्त्रीय नाव विचारावे. ते सांगता आले नाही तर रोपाचा मातृवृक्ष कुठे आहे, बी कुठून आणले, एवढे तरी विचारावे. ज्याने स्वतः शमीच्या झाडाखालून शेंगा गोळा करून रोपे केली असतील त्याला ते झाड दाखवता येते.

शंका राहिली तर फोटो काढून जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवावेत. ओळखीच्या अॅपवर विसंबायचे तर एकाच पानाच्या फोटोवर विसंबू नये, कारण या गोतावळ्यात पाने यंत्रालाही फसवतात. फोटो चार असावेत: पट्टीशेजारी ठेवलेले एक संपूर्ण पान, काटा जिथून निघतो ती जागा जवळून, फूल किंवा शेंग, आणि संपूर्ण झाडाची ठेवण. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागासारख्या संस्थांत वाळवलेल्या, नाव निश्चित केलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह असतात. तिथला नमुना शक्यतो फूल किंवा फळ असलेल्या फांदीचा असतो, आणि त्याच्या कागदावर झाडाच्या नावाबरोबर ते कुठे, केव्हा आणि कोणी गोळा केले हेही लिहिलेले असते. नाव चुकले असे पुढच्या अभ्यासकाला वाटले तर तो जुनी चिठ्ठी काढून टाकत नाही, आपली नवी चिठ्ठी तारखेसह शेजारी चिकटवतो.

हीच शिस्त घरच्या बागेलाही लावता येते. रोप आणले त्या दिवशी पाटीच्या मागे ते कुठून आणले आणि कोणत्या नावाने, हे लिहून ठेवावे. पिसे मोजता येतील एवढे पान आले की मोजावे, फूल आले की पुन्हा तपासावे आणि नाव बदलावे लागले तर बदलावे. दर दसऱ्याला, गणपतीला घराघरांतून शमीची फांदी मागायला कोणीतरी येतेच. त्याला पाने देण्याआधी पिसांच्या जोड्या मोजून दाखवल्या, तर पुढच्या वर्षी तो रोपवाटिकेत जाऊन स्वतः मोजेल.